दुपारच्या बॅकअपचे इशारे

अकोल्याच्या त्या रक्तपेढीत बॅकअप भरदुपारी घेतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वेडगळ वाटेल. बाकी सगळीकडे हे काम रात्री उरकतात. इथे रात्री वीज गेली की जनरेटरवर पहिला हक्क रक्ताच्या फ्रीजचा, आणि तो असायलाच हवा. संगणकांचा नंबर त्यानंतर, म्हणजे कधी कधी लागायचाच नाही. बॅकअप एकदोनदा मधेच तुटला, तेव्हा कुणीतरी ठरवलं की जेवणाच्या वेळी काउंटरवर गर्दी नसते, तेव्हा घ्या. ठरवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला. वेळ तीच राहिली.

मी अमरावतीच्या एका लहान कंपनीत काम करते. कंपनी म्हणजे दोन खोल्या, आमचे मालक आणि आम्ही तिघं-चौघं. लोकांचे सर्व्हर सांभाळतो. उरलेल्या वेळात मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, कारखान्यांच्या गेटवर वाटते, निवेदन घेऊन साहेबांच्या दाराबाहेर बसते. एका कामात पैसे येतात, दुसऱ्यात जातात. थकायला मात्र दोन्हींत सारखंच होतं, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रक्तपेढीत एका बंद खोलीत मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात पाच-सहा यंत्रं चालतात, जी हाताला लागत नाहीत. एक रक्ताच्या साठ्याचं, एक रक्तदात्यांचं, एक तपासण्यांच्या निकालांचं, असं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. बॅकअपच्या वेळी त्यातल्या एकेकाला क्षणभर श्वास रोखायला लावतात, त्याची डिस्क आहे तशी बाजूला धरतात आणि खाली तात्पुरती दुसरी सरकवतात. नक्कल झाली की पहिली परत. हे सगळं त्या यंत्राला न विचारता. पण पायाखाली काहीतरी हललं हे त्याला कळतं, आणि ते आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, इंग्रजीत लिहितं: ‘वॉर्निंग! अशी खूण मिळाली आहे की या डिस्कच्या कामकाजाच्या अटी बदलल्या आहेत. यंत्रणा या अटींशी आपोआप जुळवून घेत नाही.’ उद्गारचिन्हासकट लिहितं. बिघडलेलं काहीच नसतं. झोपेत कुणी उशी बदलली तर माणूस जसा काहीतरी पुटपुटतो, तसं ते पुटपुटणं. फक्त प्रत्येक यंत्र पुटपुटतं, प्रत्येक डिस्कसाठी पुटपुटतं, डिस्क जाताना आणि परत येताना.

लॉगमध्ये असं पुटपुटलेलं कुणी वाचत नाही. पण ही रक्तपेढी चालवणाऱ्या ट्रस्टचा सर्व्हर मागे एकदा बंद पडला होता आणि विश्वस्तांना ते फार उशिरा कळलं होतं. त्यावर त्यांनी ठराव केला की यंत्रणेचा प्रत्येक इशारा विश्वस्तांना तत्काळ कळावा. म्हणून लॉगमधली प्रत्येक ‘वॉर्निंग’ मोबाइलवरच्या ग्रुपवर जायची. ग्रुपमध्ये सगळे विश्वस्त, शिवाय प्रत्येक खात्याचं माणूस. दुपारी. जेवून जरा आडवं व्हायच्या वेळी.

एवढं असतं तरी चाललं असतं. पण या ट्रस्टची एक जुनी रीत आहे, आणि मला ती रीत आवडते, हीच माझी पंचाईत. महिन्याच्या सभेत प्रत्येक तक्रार मोठ्यानं वाचतात. रक्तदात्याला चहा गार मिळाला, ही सुद्धा. ज्याच्या खात्याची तक्रार असेल त्यानं उभं राहायचं आणि त्या खात्याच्या सगळ्या तक्रारी वाचून होईपर्यंत बसायचं नाही. मोठा डॉक्टर असो की झाडू मारणारा. किती कार्यालयांच्या दारात उभी राहून मी हेच मागितलं आहे, की साहेब, आमचं वाचताना निदान उभे राहा! इथे लोक खरंच उभे राहत होते. आणि विश्वस्तांनी सरळ मनानं असा अर्थ लावला की यंत्राचा इशारा म्हणजे यंत्राची तक्रार.

मार्च संपता संपता मालकांनी मला तिकडे पाठवलं. “अकोल्याचे ते मेसेज बंद करून ये,” एवढंच सांगून.

संगणकांच्या खोलीत ताई एकटीच होती. पन्नाशीला टेकलेली, बाळापूरहून रोज बसनं येणारी, कंत्राटी. सर्व्हर सांभाळायला तिला घेतलंच नव्हतं. माहिती भरणं, प्रिंटर चालवणं, बॅकअप हिरवा झाला की लाल ते पाहणं, हे तिचं काम. पण खोलीत दुसरं कुणी नाही, म्हणून खातं तिचं. मुलगी अमरावतीला होस्टेलवर राहून फार्मसी शिकते, आणि घरात पगार एकच. कंत्राट उन्हाळ्याअखेर संपत होतं. ते पुन्हा करायचं की नाही हे विश्वस्तांच्या सभेत ठरणार होतं.

मी गेले तेव्हा ती डबा उघडून बसली होती आणि जेवत नव्हती.

“काहून वो ताई, जेवत नाई?” मी विचारलं.

“थांब. आता सुरू होते, पाह्य.”

सुरू झालं. टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन थरथरायला लागला आणि थरथरत थरथरत डब्याच्या झाकणापर्यंत सरकत गेला. झाकणही वाजायला लागलं. ताईनं झाकणावर हात ठेवला.

“म्या हात लावला काय कशाले?”

“नाही.”

“तुह्या डोयासमोर बसून आहे नं मी?”

“हो.”

“मंग हे सभेत येऊन सांग. मले उभं करतेत वो तिथं.”

“किती वेळ?”

“सगये वाचून होयेपर्यंत.”

“पण ताई, सगळे मेसेज तर एकच आहेत.”

“एकच असले म्हणून काय झालं? सर वाचतेत नं एकेक. हजेरी घेतल्यावानी.”

सर म्हणजे ट्रस्टचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. सभेला मला देखभालवाली म्हणून बसू दिलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. चांगला माणूस. हे मी कौतुकानं नाही, वैतागानं लिहिते आहे. वाईट माणसाविरुद्ध मला एका बैठकीत पत्रक लिहिता येतं. चांगल्या माणसापुढे पेन अडतं.

वरच्या मजल्यावर हॉल, दोन्ही टोकांना कूलर, मधे उकाडा. सरांनी आधी काउंटरवरच्या तुटक्या खुर्चीची तक्रार वाचली. काउंटरचा माणूस उठला, “सुतार येणार आहे” म्हणाला, बसला. मग सर म्हणाले, “संगणक कक्ष.” ताई उठली.

सर इंग्रजीत वाचत, मग मराठीत अर्थ सांगत. वाचत, अर्थ सांगत. दर वेळी तेच वाक्य आणि दर वेळी तोच अर्थ, पण त्यांनी एकही गाळला नाही. गाळणं त्यांच्या हिशेबानं अप्रामाणिकपणा होता. ताईनं आधी हात मागे बांधले. मग खुर्चीची पाठ धरली. मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. समोर बसलेल्या तंत्रज्ञ पोरी मोबाइल बघायला लागल्या, आणि मला त्यांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की मीही घड्याळ बघते आहे.

मधेच एक विश्वस्त बोलले. त्यांची डाळ मिल आहे. “सर, हे यंत्र घडीघडी म्हनते का अटी बदलल्या, अटी बदलल्या. कोनं बदलल्या? आपुन तर काही ठराव केला नाई.”

कुणी हसलं नाही. ते गंमत करत नव्हते.

“माझा मुद्दा हाच आहे,” सर म्हणाले. “ठराव नसताना कामकाजाच्या अटी रोज बदलतात, आणि दुपारीच बदलतात. सांगा बाई.”

“म्या नाई बदलल्या, सर.”

“मग कोणी?”

“मले नाई माहीत.”

मी उठले. मला शांतपणे समजावून सांगायचं होतं की हे निरुपद्रवी आहे, बॅकअप चालू असताना होतंच. पण तोंड उघडलं आणि पत्रक बाहेर पडलं. कंत्राटी बाईला यंत्राच्या पुटपुटण्यासाठी शिक्षा, वरची जबाबदारी खाली ढकलायची ही नेहमीची चाल, आम्ही हे सहन करणार नाही. ‘आम्ही’ कोण, ते मलाही सांगता आलं नसतं. त्या हॉलमध्ये मी एकटीच होते.

मिलवाले विश्वस्त म्हणाले, “मॅडम, तुमी काम्प्युटरवाल्या हा का मोर्चावाल्या?”

“दोन्ही.”

आता मात्र सगळे हसले. ताईही हसली, उभी राहूनच.

“बसा,” सर म्हणाले. “हे तुमचं खातं नाही. ज्याचं खातं त्यानं बोलायचं, अशी इथली पद्धत आहे.”

मी बसले. ताई उभीच. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या सभेपर्यंत या तक्रारी बंद झाल्या नाहीत तर संगणक कक्षाचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. नागपुरातून बसल्या बसल्या करून देणारे बरेच आहेत, असं कुणीतरी म्हणालं. बाईंचं काय, हे कुणी म्हणालं नाही, कारण ते त्यातच आलं होतं.

जिन्यात ताई मला म्हणाली, “तू तिथं कायले बोलली? दोन मिन्टं जास्त उभं राहा लागलं मले.”

मालकांना फोन लावला. त्यांनी उपाय लगेच सांगितला. “सोपं आहे. वाक्याची सुरुवात पकड. ‘वॉर्निंग! अशी खूण मिळाली आहे की’ इथपासून जे काही सुरू होईल ते ग्रुपवर पाठवायचंच नाही. विषय संपला. संध्याकाळच्या गाडीनं ये.”

मलाही तेच हवं होतं. बाहेर डांबर वितळत होतं आणि दुपट्टा तोंडाला बांधून मला घरी जायचं होतं. तरी एक सवय म्हणून मी पाहिलं की या सुरुवातीची आणखी वाक्यं यंत्रणेला येतात का. येतात. तीन-चार आहेत. सगळ्यांची सुरुवात अक्षरशः एकच. त्यातलं एक म्हणतं की डिस्कांची मांडणी हलली आहे. एक म्हणतं की खाली जिथे हे सगळं साठवलं जातं तिथली जागा भरत आली आहे. ती जागा भरली तर पोटातली सगळी यंत्रं एकदम थांबतात. रक्ताच्या कोणत्या पिशव्या कुठल्या फ्रीजमध्ये आहेत हे सांगणारं यंत्र त्यातच आहे. सुरुवातीवरून फेकलं असतं तर हे वाक्यही फेकलं गेलं असतं, आणि ग्रुपवर छान शांतता नांदली असती.

मला खरंच राग आला, आणि तो मालकांवर नव्हता. आमची निवेदनंही अशीच सुरुवातीवरून फेकतात. ‘मा. साहेब यांसी, सविनय’ एवढं वाचलं की कारकून खाली ठेवतो, कारण सगळ्यांची सुरुवात तीच. खाली कुणी रस्त्यावरच्या दिव्याचं लिहिलेलं असतं, कुणी यंत्रात हात गेल्याचं. आणि दोष काही फक्त कारकुनाचा नाही. संघटनेतल्या ज्या काकांनी मला पत्रक लिहायला शिकवलं, ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि माझे ‘जाहीर निषेध’, ‘धिक्कार’, ‘खबरदार’ सगळे खोडायचे. “प्रत्येक ओळीत बोंबलून राहिली तू,” म्हणायचे, “मंग खरंच आग लागली तर कशी बोंबलशील?” तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते. त्या यंत्राला असे कुणी काका भेटले नसावेत.

तर मी पूर्ण वाक्य पकडलं. अटी बदलल्याचं, तेवढं एकच, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. लॉगमधून ते पुसलं नाही. यंत्राला जे वाटतं ते त्यानं लिहावं, फक्त ते ग्रुपवर जाऊ नये, एवढंच केलं. ऐकायला हे दोन ओळींचं काम वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्रात वेगळं शिरून करावं लागलं. एक यंत्र इतकं जुनं होतं की त्यात हे वाक्य दोन तुकड्यांत लिहिलं जायचं. माझी चाळणी एक तुकडा अडवायची आणि दुसरा निसटायचा. ‘यंत्रणा या अटींशी आपोआप जुळवून घेत नाही’ एवढंच, मागचंपुढचं काही नाही, ग्रुपवर जाऊन पडलं. सरांनी खाली लिहिलं, “कोणत्या अटी? कृपया खुलासा.” आता निरुपद्रवी वाक्य आणखी भीतिदायक झालं होतं.

म्हणून पुन्हा अमरावती ते अकोला. मूर्तिजापूरला बस थांबते, तिथे उसाचा रस, पुन्हा बस. मागे संघटनेच्या बैठका बुडत होत्या आणि मालक रोज विचारत होते की दोन ओळींना एवढा वेळ का. मी म्हणाले, पूर्ण वाक्य पकडते आहे. ते म्हणाले, पगार मी अर्ध्या वाक्याचाच देतो.

शेवटी एका दुपारी मी आणि ताई फोन समोर ठेवून बसलो. बॅकअप सुरू झाला. एकेक यंत्र हिरवं होत गेलं. लॉगमध्ये नेहमीची बडबड चालली होती, ती मला पडद्यावर दिसत होती. फोन गप्प. बॅकअप संपला तरी गप्प. ताई झाकण धरून बसली होती, तिनं हात काढला.

“मेला काय?” तिनं विचारलं.

“नाही. शहाणा झाला.”

तिनं डबा उघडला आणि आम्ही दोघींनी जेवण केलं. गवार होती.

त्या आठवड्यात सरांचा मला फोन आला. “मेसेज येत नाहीत. यंत्रणा बंद तर पडली नाही?” मी सांगितलं, सर, सगळं चालू आहे, जे सांगण्यासारखं नव्हतं तेवढंच थांबवलं. त्यांनी “बरं” म्हटलं. मग म्हणाले, “दुपारी झोप लागली काल. बऱ्याच दिवसांनी.” त्यांना ते सांगताना लाज वाटत होती.

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांच्या चळवळीत संपलं असं मला फार वेळा वाटलं आहे.

पुढच्या सभेच्या आधी ताईनं फोन केला. मिलवाले विश्वस्त खोलीत येऊन गेले होते. बसले, इकडे तिकडे पाहिलं, म्हणाले, “बाई, आता तर काई तक्रारच नाई. मंग तुमाले दिवसभर काम काय रायते इथं?” बोलणं साधंच होतं, पण ताईला त्याचा अर्थ कळला, आणि मलाही. बडबड होती तेव्हा तिला काम येत नव्हतं. आता बडबड नव्हती, तर तिला काम उरलं नव्हतं.

“ऐक पोरी,” ती म्हणाली. “थोडेसे येऊ दे.”

“काय?”

“ते मेसेज. सगये नोको. आठोड्यातून एखांदा. म्हणजे त्याइले वाटंन का बाई इथं हाये.”

“ताई, खोटे इशारे सोडू मी?”

“खोटे कायचे? यंत्रच देते नं ते? तूच अडोले. एखांदा सोड.”

मी चिडले. मी म्हणाले की काम दाखवायला बोंब मारावी लागते हीच तर या व्यवस्थेची खोड आहे, आपण तिला खतपाणी घालायचं नाही. मी म्हणाले की संघटनेत ये, पत्रक काढू, गेटवर वाटू. ती सगळं ऐकून घेत होती. मागे बस स्टँडची घोषणा ऐकू येत होती.

“झालं तुहं?” तिनं विचारलं. “आता माहं ऐक. पोरीची फी तुह्या पत्रकानं भरते काय होस्टेलवाले? तुले मोर्चा निघाला तरी पगार हाये, नाई निघाला तरी हाये. मले ज्या दिवशी त्याइनं म्हटलं नाई, त्या दिवशी नाई.”

मी फोन ठेवला. तिचं हे म्हणणं माझ्या पत्रकांत कुठेच नव्हतं.

मी इशारा सोडला नाही. रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. बसमध्ये, बोरगाव मंजूच्या पुढे, काकांचंच एक वाक्य आठवलं. खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. कुणी छापलं, कोण जबाबदार, हे खाली हवंच. यंत्राच्या इशाऱ्याखाली कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून जवळ जो दिसेल त्याला उभं करत होते. दुसऱ्या दिवशी मी ताईला म्हणाले, यंत्राला राहू दे, ग्रुपवर तूच लिही. रोज, बॅकअप झाल्यावर, स्वतः पाहून, एक ओळ. खाली तुझं नाव.

“काय लिहू?”

“जे झालं ते.”

तिला दोन दिवस ते पटलं नाही. सरांच्या पुढे मराठी लिहायचं म्हणजे परीक्षाच, म्हणाली. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर आलं: “दुपारचा बॅकअप पूर्ण झाला. सर्व यंत्रे पाहिली. ठीक आहे.” खाली तिचं नाव. सरांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. मिलवाल्यांनी अंगठा. काउंटरच्या माणसानं फूल पाठवलं, त्याला काहीच कळलं नसावं.

आणि मग सभेच्या जरा आधी ते दुसरं वाक्य आलं. एकदाच. यंत्राकडून सरळ ग्रुपवर, कारण माझ्या चाळणीत ते नव्हतं: ‘वॉर्निंग! अशी खूण मिळाली आहे की साठवणुकीची जागा ठरवलेल्या पातळीपर्यंत भरली आहे.’ ताईनं मला फोन केला. मी अमरावतीहून फोनवरच तिला पडद्यावरचा एकेक आकडा वाचायला लावला. खरंच भरत आलं होतं. बॅकअपच्या जुन्या नकला कुणी काढल्याच नव्हत्या. काढायच्या कशा आणि कोणत्या ठेवायच्या ते मी सांगितलं, तिनं लिहून न घेता केलं, आणि ग्रुपवर टाकलं: “जागा भरत आली होती. जुने काढले. सध्या ठीक. नवीन डिस्क लागेल.” खाली नाव. मालकांना सांगितलं की सुरुवातीवरून फेकलं असतं तर हे कळलं नसतं. ते “बरं झालं” म्हणाले आणि डिस्कचा भाव काढायला लागले.

सभेला मी गेले. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, ताईला काढलं तर खाली गेटवरच वाटायचा म्हणून आदल्या दिवशी छापून घेतलेला. काकांनी पाहिला असता तर निम्मा खोडला असता.

“संगणक कक्ष,” सर म्हणाले. ताई उठली. त्यांनी ते एक वाक्य इंग्रजीत वाचलं, मराठीत अर्थ सांगितला, आणि कागद खाली ठेवला. एवढंच होतं.

“जागा भरली होती, सर,” ताई म्हणाली. “मोकळी केली. पण दिवाळीपर्यंत पुन्हा भरंन. डिस्क घ्या लागते, नाईतर सगळं थांबंन.”

“खर्च?” मिलवाले म्हणाले.

“ते या मॅडमले विचारा.”

मी आकडा सांगितला. मिलवाल्यांनी सुस्कारा टाकला. डिस्कचा विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. मग ताईचं कंत्राट निघालं. अकरा महिने, मागच्यासारखंच. मधे एक दिवस बंद, म्हणजे कायमचा हक्क लागायला नको. आणि बाईंचं काम आता सुरळीत चालतं, त्यांना वेळ असतो, म्हणून दुपारनंतर रक्तदात्यांच्या काउंटरवरही त्यांनीच बसावं. पगार तोच.

माझा हात पिशवीत गेला. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणून.

“चालते, सर,” ती म्हणाली आणि खाली बसली.

अकरा महिने, एका पगारात दोन कामं. माझ्या कुठल्याही पत्रकात याला विजय म्हटलेलं सापडणार नाही. मीच लिहिलं आहे याविरुद्ध, दोन-तीनदा, जाड अक्षरात.

आम्ही खाली खोलीत आलो. बॅकअपची वेळ झाली होती. फोन टेबलावर पालथा होता आणि हलत नव्हता. ताईनं चपला काढून पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले.

“आज एकदाच उठली मी,” ती म्हणाली.

“डिस्क नाही घेतली तर दिवाळीला पुन्हा उठावं लागेल.”

“उठीन. तवाचं तवा.” तिनं डब्याला हात घातला आणि थांबली. “पेपर हाये काय तुह्याजवय? लोनचं सांडते.”

माझ्याजवळ पेपर नव्हता. पिशवीतून एक पत्रक काढून दिलं. तिनं ते हातात धरून वरपासून खालपर्यंत वाचलं, सावकाश, ओठ हलवत.

“चांगलं लिवलं,” ती म्हणाली. “पन लय बोंबलली.”

मग तिनं ते टेबलावर पसरलं, वर डबा ठेवला, आणि आम्ही जेवायला बसलो.